११० डेसिबल घरात आणले आणि मग कमी करत बसलो

हॉर्न स्पीकर घेतलेत म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, एवढ्या आवाजाचं घरात करायचं काय? प्रश्नात चूक काही नाही. साधे घरगुती स्पीकर १ वॉट देऊन १ मीटरवर मोजले तर ८५ ते ८८ डेसिबल देतात, आणि माझ्याकडे आलेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मागे बसणारा, आवाज तयार करणारा भाग) हॉर्नला जोडला की ११० च्या आसपास जातो. डेसिबलचा हिशोब असा की दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते. म्हणजे ८७ वाला आणि १०५ वाला यांच्यात १८ डेसिबलचा फरक असला तर पॉवरमध्ये तो जवळजवळ ६३ पट होतो, एकाला जिथे ६३ वॉट लागतील तिथे दुसरा एका वॉटमध्ये भागवतो. हे वाचून लोकांना वाटतं की भिंती हादरवायच्या म्हणून घेतले असतील. मला मात्र हळू ऐकायचं होतं. रात्री, दार लावून, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असताना. साध्या स्पीकरचा आवाज कमी केला की गाण्यातला जीवच जातो, सगळं सपाट होतं, गायकाचा श्वास, काठीचा टिचका, तारेवर बोट घासल्याचा आवाज हे सगळं आधी गायब होतं, आणि मग ते परत मिळावं म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवत जातो. ओळखीतल्या एकाकडे जुने हॉर्न इतक्या हळू वाजत होते की आम्ही त्याच खोलीत नेहमीच्या आवाजात बोलत होतो, आणि तरी पियानोची पट्टी सुटल्याचा आवाज कळत होता. तिथेच डोक्यात किडा शिरला.

आता हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी उठाठेव यावरच आहे. नेहमीचा कोन असलेला स्पीकर हवेला थेट ढकलतो आणि हवा इतकी हलकी की बहुतेक ताकद वाया जाते. ९२ डेसिबलचा स्पीकर म्हणजे साधारण १ टक्का कार्यक्षमता, ८८ वाला ०.४ टक्क्याच्या आसपास. बाकी सगळी वीज व्हॉइस कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) गरम करण्यात जाते. हॉर्नमध्ये डायफ्रामसमोर (थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा) अरुंद थ्रोट, म्हणजे गळा, असतो, तिथे हवा दाबली जाते, डायफ्रामला ढकलायला काहीतरी वजनदार मिळतं, आणि पुढे तो दाब हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळीतून मोठ्या तोंडापर्यंत पोचतो. तोंडाजवळ दोन्ही हात धरून हाक मारतो ना, तेच. शिवाय आवाज चारी दिशांना न पसरता समोर जातो, त्यामुळे ११० च्या आकड्यातला बराच भाग या दिशा देण्याचा पण आहे, सगळं श्रेय कार्यक्षमतेचं नाही. हे विकणारे सहसा सांगत नाहीत. पण खरा फायदा असा की तेवढ्याच आवाजासाठी डायफ्राम जेमतेम हलतो, आणि जो कमी हलतो त्याचं डिस्टॉर्शन कमी.

मी घेतलेली जोडी वापरलेलीच होती. जेबीएलचे जुने २४४०, म्हणजे २ इंची थ्रोट, ४ इंची अॅल्युमिनियमचा डायफ्राम, मागे अल्निको मॅग्नेट, एकेक ड्रायव्हर दहा-अकरा किलोचा लोखंडी गोळा. मुळात हे थिएटर आणि स्टेजसाठी बनवलेले. हॉर्न लाकडी, गोल तोंडाचे, ट्रॅक्ट्रिक्स आकाराचे. हा आकार पॉल फॉइट यांनी १९२० च्या दशकात स्पीकरसाठी आणला. त्याचा हिशोब सोपा आहे, तोंडाचा परीघ म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत हॉर्न काम करणार तिची वेव्हलेंग्थ. माझ्या हॉर्नचं तोंड ५५ सेंटीमीटर, म्हणजे परीघ १.७ मीटर, म्हणजे खाली २०० हर्ट्झ. पण २०० पर्यंत हॉर्न लोड करतो म्हणून २०० ला क्रॉस करायचं नसतं, म्हणजे तिथून खालचं वूफरला आणि वरचं हॉर्नला असं वाटून द्यायचं नसतं, एक-दीड ऑक्टेव्ह (सप्तक) वर राहायचं, म्हणून मी ६०० हर्ट्झ धरलं. खाली १५ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, रिफ्लेक्स (भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये, ९७ डेसिबलचा, दुसऱ्या कंपनीचा.

खालचं पण हॉर्न का नाही, असं विचारणारे भेटतात. तोच हिशोब ४० हर्ट्झला लावून बघा. वेव्हलेंग्थ साडेआठ मीटर, म्हणजे तोंडाचा व्यास २.७ मीटर. त्यात राहायला जावं लागेल. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून जो क्लिप्शहॉर्न विकायला सुरुवात केली त्याची सगळी हुशारी इथेच आहे, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून हॉर्नचाच भाग होतात आणि तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्श्यावर भागतं, आणि उरलेली लांबी घड्या घालून बॉक्समध्ये बसवलेली. झकास कल्पना आहे, पण त्याला दोन चांगले मोकळे कोपरे लागतात आणि माझ्या एका कोपऱ्यात दार आहे. विषय संपला.

सामान आल्यावर लगेच गाणी लावून बसलो नाही, आधी ड्रायव्हर तपासले, आणि जुना माल घेणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं. मल्टीमीटरवर दोन्हींचा रेझिस्टन्स जवळजवळ सारखा आला. पण यावर विसंबू नये, कारण कॉइल धडधाकट असूनही डायफ्राम गेलेला असू शकतो. अगदी हळू आवाजात ५०० हर्ट्झपासून वर स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच सूर) फिरवला तर एक ड्रायव्हर स्वच्छ आणि दुसरा एका ठिकाणी किंचित चिरका. विकणाऱ्याने "दोन्ही ए-वन" म्हणून दिलेले, असो. मागचं झाकण काढलं. डायफ्राम म्हणजे कागदापेक्षा पातळ अॅल्युमिनियमची वाटी, आणि कडेच्या वळ्यांमध्ये, टॉर्च तिरपा धरल्यावरच दिसेल अशी केसाएवढी चीर. नवीन डायफ्राम मागवावा लागला आणि एक बदलून चालत नाही, दोन्ही बाजूला सारखे हवेत, म्हणून जोडीच घेतली.

बदलताना दोन गोष्टी जपायच्या. एक, स्क्रूड्रायव्हर पितळी किंवा मॅग्नेटला न चिकटणारा घ्यायचा. साधा लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला असतानाही गॅपकडे (मॅग्नेटमधली, कॉइल हलते ती फट) असा खेचला जातो की मनगटाला झटका बसतो, आणि वाटेत तो डायफ्राम असतो. दुसरी, मॅग्नेटची असेंब्ली उघडायचीच नाही. अल्निकोचं सर्किट मोकळं केलं की त्याची ताकद उतरते, मग परत मॅग्नेटाइझ करून घ्यायला दारोदार फिरा. मी फक्त डायफ्राम काढला, एका जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून ती व्हॉइस कॉइलच्या गॅपमध्ये हळूच फिरवली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर काळे बारीक कण चिकटलेले, लोखंडाचा कीस असावा. पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत तेच. मग नवा डायफ्राम ठेवून स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेलो, मध्ये मध्ये हळू स्वीप लावून कान लावायचा, कुठे घासतंय का. हे काम घाईत होत नाही, आणि झालं की जे समाधान मिळतं ते नवीन वस्तूच्या खोक्यात मिळत नाही हे पण खरं.

मग पोलॅरिटी. जुन्या जेबीएलची पद्धत जगाच्या उलटी होती, लाल टर्मिनलला पॉझिटिव्ह दिलं की कोन बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. दोन्ही ड्रायव्हर त्यांचेच असतील तर काही बिघडत नाही, पण माझा वूफर दुसऱ्यांचा. वूफर तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की कोन डोळ्याने दिसतो. कॉम्प्रेशन ड्रायव्हरवर मात्र सेल टेकवू नये, त्याचं माइकने मोजलेल्या इम्पल्समध्ये (क्षणभराच्या ठोक्याला स्पीकरने दिलेलं उत्तर) बघावं, पहिली उडी वर आहे का खाली. खाली निघाली. हॉर्नच्या वायरी उलट्या लावल्या.

आता खरी कटकट. सगळं जोडलं, अॅम्प चालू केला, गाणं न लावताच हॉर्नमधून सुंऽऽ. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल असा हिस. ज्यांनी नेहमीचे स्पीकर वापरलेत त्यांना हे नवीन असतं, कारण तोच अॅम्प, तोच डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा डबा) त्यांच्याकडे मुका असतो. हिशोब करा. अॅम्पच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट नॉइज आहे समजा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हे ८७, ११० चे आकडे, २.८३ व्होल्टला मोजतात, त्याच्या तुलनेत १ मिलिव्होल्ट ६९ डेसिबलने खाली. ८७ च्या स्पीकरवर तो १८ डेसिबल येतो, रात्रीच्या शांततेतही कुणाला ऐकू जाणार नाही. ११० च्या ड्रायव्हरवर तोच ४१ डेसिबल, म्हणजे कुजबुजण्याच्या वर. चांगला अॅम्प याच्या दहापट शांत असतो, तरी २१ उरतातच. म्हणजे आपण स्पीकर घेतला आणि मिळाली एक तपासनीस मंडळी, अॅम्प, डॅक, वायरिंग, चार्जर, सगळ्यांच्या कुंडल्या मांडणारी.

नवीन माणूस इथे जास्त भारी, जास्त शांत अॅम्प शोधत सुटतो. पण जरा थांबून बघितलं तर वूफर ९७ चा आणि हॉर्न ११० चा, म्हणजे हॉर्न बारा-तेरा डेसिबल कमी करायचाच आहे, तो नाहीतर वूफरला गिळून टाकेल. प्रश्न एवढाच की कमी कुठे करायचा. डीएसपीमध्ये (गाणं डिजिटल पद्धतीने वूफर आणि हॉर्नमध्ये वाटून दोघांच्या वेगळ्या अॅम्पना देणारा डबा) १२ डेसिबल कमी केले तर गाणं कमी होतं पण हिस तसाच, कारण हिस अॅम्पमधून येतोय. अॅम्पच्या नंतर, ड्रायव्हरच्या तोंडाशी कमी केलं तर गाणं आणि हिस दोन्ही १२ ने खाली जातात. दोन रेझिस्टरचं काम. १६ ओहमच्या ड्रायव्हरला १२ डेसिबलसाठी १२ ओहम सिरीजमध्ये आणि ५.३ ओहम ड्रायव्हरच्या पॅरललमध्ये, अॅम्पला परत १६ ओहमच दिसतात. याला एल-पॅड म्हणतात. रेझिस्टर गरम व्हायची पण भीती नाही, घरातल्या आवाजाला तिथे सरासरी काही मिलिवॉटच जातात. पाच मिनिटांचं सोल्डरिंग आणि हिस सोफ्यापर्यंत पोचेनासा झाला. कान हॉर्नच्या तोंडात घातला तर अजून आहे, पण तिथे बसून कोण ऐकतंय.

काही शुद्धतावादी मंडळी ड्रायव्हर आणि अॅम्पच्या मध्ये रेझिस्टर म्हटलं की नाक मुरडतात, ऑटोफॉर्मर (तेच काम करणारा एक प्रकारचा ट्रान्सफॉर्मर) वापरा म्हणतात. वापरा, चांगलाच असतो. पण हिससकट थेट अॅम्प जोडण्यापेक्षा दोन रेझिस्टर हजारदा बरे असं माझं स्पष्ट मत.

त्याच्याबरोबर एक ५० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये टाकला. १६ ओहमला त्याचा कोपरा २०० हर्ट्झला येतो, म्हणजे ६०० च्या क्रॉसओव्हरला फारसा धक्का लागत नाही, जो थोडा लागतो तो मोजताना डीएसपीमध्ये धरला जातो. याचं काम विम्याचं. अॅम्प चालू करताना जो धप्प आवाज येतो, किंवा कधी अॅम्प बिघडून डीसी बाहेर आला, किंवा डीएसपीमध्ये चुकून भलताच प्रीसेट लोड झाला, तर तो पातळ डायफ्राम वाचायला पाहिजे. हा कपॅसिटर न लावता हॉर्न थेट अॅम्पला जोडणारे लोक आहेत, त्यांच्या काळजाला माझा नमस्कार.

हिस गेला तरी हम राहिला होता, तो वेगळाच प्रकार. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद, लावला की सुरू, म्हणजे ग्राउंड लूप, उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली, डॅक ते डीएसपी आणि डीएसपी ते अॅम्प बॅलन्स्ड केबल टाकल्या, गेला. यावर अर्थिंगची पिन काढून टाका असा उपाय कुणी सुचवला तर तो ऐकू नका, हमने माणूस मरत नाही.

आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते. हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. सुरुवातीला प्रीअॅम्प (अॅम्पच्या आधी बसणारा, व्हॉल्यूमचा नॉब असलेला डबा) होता आणि त्याचा नॉब जरा हलवला की पुरेसा आवाज, त्याच्यापुढे नॉबला काही कामच नाही. नॉबच्या त्या पहिल्या टप्प्यात डावा-उजवा सारखा नसतो, स्वस्त पोटेन्शियोमीटरचा तो स्वभावच, त्यामुळे हळू ऐकताना गायक एका बाजूला सरकून बसायचा. म्हणजे ज्या हळू ऐकण्यासाठी हा सगळा खटाटोप त्यातच घोळ. प्रीअॅम्प सर्किटमधून काढूनच टाकला, वूफरच्या अॅम्पचा गेन खाली आणला, आणि आता व्हॉल्यूम मधल्या पट्ट्यात फिरतो.

मोजमाप. मोजायचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड, हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि याच्याशिवाय अॅक्टिव्ह हॉर्न लावायच्या फंदात पडू नये. कानाने क्रॉसओव्हर लावतो म्हणणारे बहाद्दर असतील, मला जमत नाही. स्वीप नेहमी अगदी कमी लेव्हलने सुरू करायचा, ११० चा ड्रायव्हर आहे, कानाजवळ माइक धरून चुकून पूर्ण लेव्हल गेली तर संध्याकाळभर कानात शिट्टी.

हॉर्न ५६ सेंटीमीटर लांब, मागे ड्रायव्हर. हॉर्नचं तोंड वूफरच्या बाफलच्या (बॉक्सची पुढची फळी) रेषेत ठेवलं तर डायफ्राम वूफरच्या साठेक सेंटीमीटर मागे जातो. आवाज १ मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हॉर्नचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा. आता गंमत बघा, ६०० हर्ट्झची एक पूर्ण सायकल १.६७ मिलिसेकंदाची असते. म्हणजे हॉर्न जवळजवळ बरोब्बर एक सायकल मागे. फेज परत जुळते! डिले न लावताच ग्राफ बराचसा सपाट दिसतो, आणि नेहमीची परीक्षा, म्हणजे हॉर्नची पोलॅरिटी उलटी करून क्रॉसओव्हरला खोल खड्डा पडतो का बघणं, तीही पास होते. ग्राफ बघून माणूस खूश होऊन झोपायला जाईल. पण इम्पल्स आणि स्टेप रिस्पॉन्स उघडला की खरं दिसतं, दोन वेगळे उंचवटे, आधी वूफर आणि मग हॉर्न. एका ठोक्याचे दोन तुकडे.

हा फार जुना आजार आहे. १९३० च्या दशकात एमजीएममध्ये सिनेमाच्या स्पीकरवर काम करणाऱ्या जॉन हिलिअर्ड वगैरे मंडळींना टॅप डान्सच्या बुटांचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायला लागला, कारण खालच्या आणि वरच्या हॉर्नच्या लांबीत काही फुटांचा फरक होता. त्यातून जी शिअरर सिस्टीम झाली त्यात हा फरक काढून टाकला. माझ्याकडे पाऊणएक मीटरच्या आतलाच मामला, त्यामुळे वेगळे दोन ठोके काही ऐकू येत नव्हते, पण डीएसपीमध्ये वूफरला १.८ मिलिसेकंद थांबवल्यावर टाळ्या आणि तबल्याची चाटी एका जागी आली. फरक जमीन-अस्मानाचा होता असं म्हणणार नाही. डोळे मिटून दहा वेळा बदलून ऐकवलं तर काही गाण्यांत मलाही ओळखता येणार नाही. पण पियानोच्या मधल्या पट्ट्यांत, जिथे एकच स्वर अर्धा वूफरमधून आणि अर्धा हॉर्नमधून येतो, तिथे कळतं, हातोडी आणि तार एकत्र वाटतात. क्रॉसओव्हर चोवीस डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा ठेवलाय, त्यामुळे दोघांची एकमेकांच्या हद्दीत ये-जा कमी.

वर अजून एक काम असतं. कॉम्प्रेशन ड्रायव्हर तीन-चार हजार हर्ट्झच्या वर स्वभावतःच उतरायला लागतो, डायफ्रामच्या वजनामुळे. माझ्या हॉर्नसारखा हॉर्न वरच्या फ्रिक्वेन्सी अरुंद झोतात एकवटतो, म्हणून समोर बसलं की उतार झाकला जातो आणि बाजूला बसणाऱ्याला वरचं कमी मिळतं. १९७० च्या दशकात डॉन कील यांनी जे कॉन्स्टंट डायरेक्टिव्हिटी हॉर्न पुढे आणले ते आवाज सगळीकडे सारखा वाटून देतात, पण मग तो उतार उघडा पडतो आणि ईक्यूने वर उचलावा लागतो. दोन्हींत काहीतरी द्यावंच लागतं. मी एकटा ऐकणारा, मला झोत चालतो. हॉर्नची तोंडं आधी थेट कानाकडे वळवली होती, ते फार टोकदार झालं, आता दोन्हींच्या रेषा माझ्या डोक्याच्या थोड्या मागे भेटतात.

हॉर्नचा तो नाकातला, भोंग्यातून बोलल्यासारखा आवाज, ज्याच्यामुळे निम्मे लोक हॉर्नच्या वाटेला जात नाहीत, तो असतो का? असतो, पण बहुतेक वेळा तो हॉर्नला त्याच्या हद्दीच्या फार जवळ किंवा खाली राबवल्यामुळे येतो. ४०० ला क्रॉस करून बघितलं मुद्दाम, गायक लगेच डब्यात जाऊन बसला. ६०० ला बाहेर आला. दुसरं कारण तोंडाची कड. लाट तोंडापाशी एकदम मोकळी होते आणि थोडी परत आत फिरते. माझ्या हॉर्नची कड बाहेर वळवलेली आहे, तिच्याभोवती जाड लोकरी फेल्टची पट्टी लावली, ग्राफवरचे बारीक दात थोडे कमी झाले. पत्र्याचे किंवा ओतीव धातूचे हॉर्न असतील तर बोटाच्या पेराने ठोकून बघा, घंटेसारखे वाजले तर बाहेरून डांबरी शीट चिकटवा. लाकडाला ती गरज पडली नाही.

खोलीबद्दल एवढंच की २०० हर्ट्झच्या खाली हॉर्न असो नसो, खोलीचंच राज्य असतं. पाच मीटर लांबीच्या खोलीला ३४ हर्ट्झला पहिला मोड (खोलीच्या मापामुळे फुगून येणारा सूर) येणारच, तो काही ११० डेसिबलला घाबरत नाही. बॉक्स भिंतीपासून पुढे-मागे सरकवून आणि डीएसपीमध्ये एक शिखर छाटून जेवढं होईल तेवढं केलं. अंतराचं मात्र ऐकावं लागतं. वूफरचा मध्य आणि हॉर्नचा मध्य यांच्यात साधारण ५५ सेंटीमीटर आहेत, म्हणजे ६०० हर्ट्झला जवळजवळ एक पूर्ण वेव्हलेंग्थ, त्यामुळे दीड मीटरवर बसलं तर वूफर आणि हॉर्न वेगळे वेगळे बोलतात आणि उभं राहिलं की सूर बदलतो. तीन मीटरवर ते एकत्र येतात. ज्यांची खोली लहान आहे त्यांनी हे आधी मोजावं, मग पैसे काढावेत.

ड्रायव्हर हॉर्नच्या मागे नुसता लटकत ठेवला तर त्याचं वजन हळूहळू लाकडाची जोडणी उकलत नेतं, म्हणून प्लायवूडचा अर्धगोल पाळणा करून घेतला, ड्रायव्हर त्यावर बसतो आणि हॉर्न फक्त पुढे टेकलेला. हॉलमध्ये हे सगळं उभं राहिलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, सभा कधी आहे?" मी काही बोललो नाही. नंतर एकदा बातम्या याच्यावर लावल्या होत्या, अगदी हळू. तिला हल्ली कमी ऐकू येतं, टीव्हीचा आवाज नेहमी वाढवायला लावते आणि तरी मध्ये मध्ये "काय म्हणाला?" चालूच. त्या दिवशी पूर्ण बातम्या झाल्या तरी एकदाही विचारलं नाही. त्याचं कारण साधं आहे, हॉर्नमधून तिच्याकडे थेट येणारा आवाज जास्त आणि भिंतींवरून फिरून येणारा कमी, शब्दाच्या कडा घासल्या जात नाहीत. आता बातम्यांची वेळ झाली की मला स्पीकर चालू करून द्यावे लागतात.

अॅम्पचं सांगायचं राहिलं. माझ्या ऐकण्याच्या आवाजाला, तीन मीटरवर सरासरी ७५ डेसिबल धरले तर, दोन्ही स्पीकर मिळून एकेकाला साधारण ०.०३ वॉट लागतात. गाण्यातला मोठा ठोका त्याच्यापेक्षा २० डेसिबल वर गेला तर ३ वॉट. संपला विषय. म्हणून ३००बी या ट्यूबचे ८ वॉटचे सिंगल एंडेड अॅम्प हॉर्नवाल्या लोकांमध्ये एवढे चालतात. मी ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्ही करून बघितलं. हॉर्नवर ट्यूब लावली तर आवाज भरलेला वाटतो, त्यात ट्यूबच्या स्वतःच्या डिस्टॉर्शनचा वाटा आहेच, उगाच गूढ नको. शेवटी हॉर्नवर एक छोटा क्लास ए ट्रान्झिस्टर अॅम्प ठेवला, कारण या स्पीकरचं सगळं आयुष्य मिलिवॉटमध्ये जातं आणि काही क्लास एबी अॅम्प २०० वॉटला झकास पण नेमके तिथेच, शून्याजवळ, ट्रान्झिस्टर बदलताना अडखळतात. वूफरला साधा, भरपूर ताकदीचा, कसलाही दिखावा नसलेला अॅम्प. उन्हाळ्यात ट्यूब अॅम्पच्या शेजारी बसावं लागत नाही हा वरचा फायदा.

सध्या ६०० हर्ट्झ, वूफर १.८ मिलिसेकंद मागे, हॉर्नला एल-पॅड १२ डेसिबल आणि डीएसपीमध्ये वरून अजून एक-दीड डेसिबल, असं लावून ठेवलंय. २४४० दहा हजार हर्ट्झच्या वर दमतो, म्हणून एक छोटा ट्वीटर घेऊन ठेवलाय, पण त्याला ८ हजारला क्रॉस करायचं तर तिथली वेव्हलेंग्थ चार सेंटीमीटरची, डोकं जरा हलवलं की जुळलेलं बिघडणार. त्याचा डिले लावायला बसलो की पुन्हा माइक, पुन्हा स्वीप, आणि घरचे म्हणतात आता ती शिट्टी ऐकवत नाही. त्यामुळे तो खोक्यातच आहे. ज्यांनी ट्रॅक्ट्रिक्सवर असा ट्वीटर बसवलाय त्यांनी तो हॉर्नच्या वर ठेवला की मागे ड्रायव्हरच्या रेषेत, तेवढं सांगा.